उघडीवरची सोंगवेल

इथंच थांबा मंडळी. या दगडी बांधाच्या पुढं पाय टाकायचा नाही. आणि निळ्या रेनकोटवाल्या ताई, तुमच्या हातातलं ते पान टाकून द्या. नाही, विषारी नाही ते, साधी भारंगी आहे. तरी टाका. या बांधाजवळचं काही तोडून हातात धरायचं नाही, एवढं आम्ही पाळतो.

आता समोर बघा. सगळा डोंगर हिरवाकंच झालाय, आणि मधेच हा चार-पाच एकरांचा उतार लाल मातीचा, अगदी उघडा. गवताची काडी नाही त्याच्यावर. याला आम्ही 'उघडी' म्हणतो. मागं एकदा शेतकीचे साहेब येऊन माती घेऊन गेले. म्हणाले, मातीत काही दोष नाही, इथं काहीही उगवेल. खरंच आहे ते. उगवतं की! दर श्रावणात अख्खं गाव इथं येतं आणि जे जे उगवलंय ते हातानं उपटून काढतं. खुरपं नाही, विळा नाही. हातानं. तुम्ही चार दिवस आधी आला असतात तर सगळी माणसं इथं वाकलेली दिसली असती.

का, ते सांगतो. मी धावजी. बत्तीस वर्षं जंगलात रखवालदारी केली, तेव्हा झाडाझुडपाला भिणारा माणूस मी नाही. पण जे सांगतोय ते माझ्या आज्यानं मला सांगितलं, त्याला त्याच्या आज्यानं. मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. म्हणून माझ्या बोलण्यात 'म्हणे' सारखं येईल, ते समजून घ्या.

गाव तेव्हा लहान होतं. पंचवीस-तीस घरं. राघोजी नावाचा नाईक होता, गावचा कारभार त्याच्याकडं. माणूस करारी, पण वाईट नव्हता असं सांगतात. त्याच्या घरात चारच माणसं : तो, त्याची बायको, एकुलता एक मुलगा भिवा, आणि भिवाची बायको म्हाळी. म्हाळीला लग्न होऊन दोन पावसाळे झाले होते. घाटाखालच्या गावची पोर. बोलायला कमी, रानभाजीची पारख मात्र पक्की.

आषाढ सरत आला होता. कणगीत नाचणीचा तळ दिसायला लागला की आमच्याकडं माणसं रानावर जगतात, तेव्हाही तसंच होतं. टाकळा, कुर्डू, भारंगी, जे मिळेल ते. हा उतार तेव्हा भाजीनं गच्च भरलेला असायचा. गावातल्या सगळ्या बायका इथंच यायच्या. त्या खालच्या अंगाला ओहोळ दिसतो ना, त्याच्या काठी गावची मसणवट होती. पावसाळ्यात लाकडं ओली, चिता पेटत नाही, म्हणून त्या दिवसांत मेलेल्या माणसाला पुरायची रीत होती. हे ध्यानात ठेवा.

तर एका सकाळी म्हाळी आणि शेजारच्या घरातली धुरपी अशा दोघी डोक्यावर इरली घेऊन भाजीला आल्या. धुरपी म्हाळीच्याच वयाची, हसरी, तोंडाळ. दोघींचं मेतकूट. म्हाळीनं कुर्डू खुडला. चांगला कोवळा, लुसलुशीत. घरी नेऊन रांधला. दुपारी भिवा आणि त्याची आई जेवायला बसले. राघोजी नव्हता. भाताच्या खाचराचा बांध फुटला होता, तो बांधायला तो गेला होता. दोघांनी पोटभर खाल्लं. भाजी गोड लागली म्हणून भिवानं पातेलं पुसून घेतलं.

थोड्या वेळानं भिवा म्हणाला, "जीभ जड झाल्यागत वाटतीया." मग ओठ निळे पडले. मग त्याला बोलता येईना. तोवर आतल्या खोलीत सासू भिंतीला धरून खाली बसली होती. दिवस कलायच्या आत दोघं गेली.

राघोजी चिखलानं माखलेला घरी आला, तर दारात गाव जमलेलं. त्यानं मुलाच्या अंगावरून हात फिरवला. बायकोकडं बघितलं. मग चुलीपाशी बसलेल्या सुनेकडं वळून एकच गोष्ट विचारली.

"तू काय खाल्लंस?"

"भाकर आन् मीठ, मामंजी."

"आन् भाजी?"

"उरली नाही."

या दोन शब्दांनी पुढचं सगळं घडलं, असं माझा आजा म्हणायचा. 'उरली नाही.' खरं तेच होतं. पण मेलेल्या मुलाजवळ बसलेल्या बापाला ते खरं वाटलं नाही.

बारा दिवसांत आणखी तीन घरांत तेच झालं. सात माणसं गेली. कुठं टाकळ्याची भाजी होती, कुठं भारंगीची. त्याच उतारावरून त्याच दिवशी भाजी नेलेली शेजारची घरं मात्र धडधाकट. म्हणजे भाजीत दोष नाही, असं माणसांनी धरलं. आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की चारही घरांत, त्या वेळी घरी होती त्यांतलं एकच माणूस वाचलंय. जिनं रांधलं ती.

आता तुम्हाला वाटेल, यात न कळण्यासारखं काय आहे? बाई सगळ्यांच्या शेवटी बसायची, उरलंसुरलं खायची, आणि त्या महिन्यात उरत काहीच नव्हतं. उपाशी राहिल्या म्हणून वाचल्या. पण हे तेव्हा एकाही पुरुषाला सुचलं नाही. बायकांना सुचलं असेल. त्यांना विचारलं कुणी नाही.

गावाची तऱ्हाच बदलली म्हणे. नवरे बायकोच्या हातचं खाईनात. नाचणी भाजून तीच चघळत बसायचे. पाण्याचा हंडा भावाभावांनी वेगळा केला. कुणी पिठाची पिशवी उशाला घेऊन झोपायचा. ओढ्यावर दोन बायका बोलत उभ्या राहिल्या की लांबून कुणीतरी बघत असायचं. आईनं लेकराला घास भरवला, तर आजी त्याच्या तोंडात बोट घालून तो बाहेर काढायची. आणि सगळ्यांचं एकमत एका गोष्टीवर : घाटाखालून आलेली राघोजीची सून हे शिकून आलीय, आणि तिनं बाकीच्यांना शिकवलंय.

राघोजीनं म्हाळीला घरातून काढलं नाही. गोठ्यात ठेवलं. माहेरी पाठवावं तर घाट पावसानं बंद. ती गुरांमध्ये झोपायची, आपलं आपण भाजून खायची. सासरा रोज एकदा गोठ्याच्या दारात येऊन उभा राहायचा, तिच्याकडं बघायचा आणि परत जायचा. काय बघत होता, ते त्यालाच ठाऊक.

मग देवळात पंच बसले आणि ठराव झाला : आजपासून प्रत्येक घरात रांधणारीनं आधी खायचं. सगळ्यांच्या समोर, ताट भरून. मग ओलं धोतर वाळत येईल एवढा वेळ थांबायचं, आणि ती धड असली तरच बाकीच्यांनी जेवायचं.

पहिल्यांदाच गावातल्या बायका भरल्या ताटावर आधी बसल्या. समोर सगळं घर त्यांच्या तोंडाकडं बघत बसलेलं. एकीला घास गिळेना म्हणून तिच्या नवऱ्यानं कुऱ्हाड जवळ ओढली, असंही सांगतात.

आठ दिवस काही झालं नाही. पुरुष एकमेकांना म्हणाले, बघा, आता जिवावर बेततंय म्हणून हात आवरला. नवव्या दिवशी धुरपीनं भारंगी रांधली. ती जेवायला बसली, दिरांना म्हणाली, "बघून घ्या बाबांनो, पुन्हा असं ताट मला कधी मिळायचं नाही." हसत हसत सगळं खाल्लं. थोड्या वेळानं तिचं हसू थांबलं. तिनं जिभेला बोट लावून बघितलं.

आता तरी गावाला कळायला हवं होतं, नाही का? जी विष घालते ती स्वतः ताट पुसून खाईल का? पण संशय एकदा माणसाच्या अंगात भरला की त्याला खाली उतरायला वाट सापडत नाही. देवळात राघोजी म्हणाला, "दुसऱ्यांसाठी घातलेलं चुकून आपल्याच पानात वाढलं तिनं." आणि माना डोलल्या. धुरपीच्या दिरांनीही डोलवल्या.

हे म्हाळीला गोठ्यात कळलं. ती तशीच उठली आणि धुरपीच्या घरी गेली. कुणी अडवलं नाही, म्हणजे तिच्या जवळ जायला कुणी तयार नव्हतं. धुरपीला ओहोळाकडं पुरायला नेलं होतं. चुलीजवळ तिची टोपली पडली होती, रांधायची राहिलेली भाजी तशीच होती तिच्यात. म्हाळी त्या टोपलीपाशी बसली. रडायला बसली असेल. पण भाजी ओळखणारी बाई ती, हात आपोआप निवडायला लागले. निवडता निवडता थांबले.

आदल्या दिवशी खुडलेली भाजी. बरीचशी पानं मान टाकून बसलेली, काळवंडलेली, किड्यांनी खाऊन जाळी झालेली. आणि त्यातच सात-आठ पानं अशी, की आत्ता खुडल्यासारखी ताठ. एकालाही भोक नाही. कीड नाही, गोगलगायीची चाट नाही, डाग नाही. पावसाळ्यात, रानातल्या भारंगीला, एकही भोक नाही.

आपण त्या दिवशी कुर्डू खुडला तो कसला होता, ते तिला आठवलं. सगळ्यात चांगला, बिनकिडका म्हणून मुद्दाम वेचून घेतलेला. नवऱ्याला, सासूला चांगलं मिळावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती एकटी या उतारावर आली. त्या दिवशी तिनं काय काय पाहिलं, ते माझ्या आज्यानं मला तीनदा सांगितलं आणि तिन्ही वेळा सारखंच सांगितलं. एका कुर्डूवर अळ्या होत्या, त्याला खेटून असलेल्या कुर्डूवर एकही नव्हती. मुंग्यांची ओळ त्याच्या बुडाशी यायची आणि वळसा घालून जायची. तिनं कमरेचा विळा काढला, तर ते झाड जमिनीला चिकटून गवतासारखं झालं. विळा लांब ठेवून नुसता हात पुढं केला, तर त्यानं आपला सगळ्यात कोवळा शेंडा तिच्या बोटांकडं सरकवला. तिनं हात मागं घेतला. मग लांबून टाकळ्याचं एक रोप मुळासकट उपटून आणलं, त्याच्या शेजारी खोचलं, आणि दगडावर बसून राहिली. पावसाची एक सर आली, गेली. कुर्डूची लांबट पानं हळूहळू गोल होत गेली. सूर्य माथ्यावर यायच्या आत तिथं दोन टाकळे उभे होते.

सोंग घेतंय हे, असं ती म्हणाली. तेव्हापासून त्याचं नाव सोंगवेल. त्याला स्वतःचं पान नाही, स्वतःचा वास नाही. जे जवळ असेल त्याचं रूप ते घेतं. आणि या उतारावर एकाला एक लागून असलेली ती सगळी सोंगं एकाच मुळाची होती. म्हाळीनं बोटांनी माती उकरत त्या मुळाचा माग काढला. मूळ बोटाएवढं होतं, मग मनगटाएवढं झालं, मग मांडीएवढं. ते खाली गेलं होतं. मसणवटीत. नव्या मातीच्या ढिगाऱ्यांखाली.

मग तिला समजलं की ही वेल माणसं का मारते. मेलेलं माणूस गाव स्वतःच्या हातानं तिच्या मुळाशी आणून ठेवत होतं.

ती पळत गावात आली नाही. सांगून कोण ऐकणार होतं? तिनं भारंगीच्या दोन मुठी खुडल्या. पंच देवळात बसले होते, तिथं गेली आणि दोन्ही मुठी राघोजीच्या समोर फरशीवर ठेवल्या.

"मामंजी, यातली एक मूठ तुम्ही खायची, एक मी. कुठली कुणी, ते तुम्ही ठरवा."

देवळात गलका झाला. कुणी म्हणालं, बांधा हिला. राघोजीनं हात वर केला. तो वाकून बघायला लागला. दोन्ही मुठींत भारंगीच. त्यानं एक उचलली, हुंगली, ठेवली. दुसरी उचलली. आयुष्य रानात गेलेलं त्याचं, भारंगी काय त्याला नवी होती? घाम फुटला म्हणे त्याला, पावसाळी हवेत.

"दोन्ही सारख्याच हायत," तो शेवटी म्हणाला. "विखाची कंची, ते मला कसं कळावं?"

"मलाबी कळलं नव्हतं," म्हाळी म्हणाली. "धुरपीलाबी नाही."

राघोजी त्या पानांकडं बघत राहिला. मग म्हाळीनं वाकून एक पान उचललं आणि उजेडापुढं धरलं. त्याची जाळी झाली होती, भोकाभोकातून आभाळ दिसत होतं. दुसऱ्या मुठीतलं पान धरलं. त्यातून काहीच दिसत नव्हतं.

"जे किड्यानं खाल्लंय ते माणसाचं," ती म्हणाली. "ज्याला किडा शिवत नाही ते आपलं नव्हं."

राघोजीनं तिथं तिची माफी मागितली नाही. नुसता उठला आणि म्हणाला, "दाखव."

उपाय म्हाळीनंच काढला. तोडून उपयोग नव्हता, लोखंड जवळ आलं की वेल गवत होऊन लपायची. म्हणून तिनं सांगितलं, या उतारावरचं सगळं उपटा, हातानं. भाजी, गवत, झुडूप, शेवाळ, काही ठेवू नका. सोंग घ्यायला जवळ काही उरलंच नाही, तर तिला आपलं खरं रूप दाखवावं लागेल.

तीन दिवस गाव उपटत होतं. हातांची सालटी निघाली. पायांना जळवा लागून रक्ताचे ओघळ. त्यातही संशय सुटला नव्हता बरं का. प्रत्येक पुरुष आपली रांग सोडून म्हाळीवर नजर ठेवून होता. राघोजी तर तिच्या मागं दहा हातांवर, कोयता घेऊन. कोयता कशासाठी, असं कुणीतरी विचारलं. तो म्हणाला, "लागंल." वेलीला लागेल की सुनेला, ते त्यानं सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उतार बोडका झाला. अगदी आत्ता दिसतोय तसा. पण वेल काही दिसेना. खरं रूप नाही, खोटं नाही. आणि नेमकं त्याच वेळी वरून धुकं उतरलं. आमच्याकडं धुकं कसं येतं ते तुम्ही सकाळी पाहिलंत, हातभरावरचं माणूस दिसत नाही. सगळे जागच्या जागी उभे राहिले.

धुकं विरळ झालं, तेव्हा राघोजीसमोर दोन म्हाळी उभ्या होत्या.

बाकी सगळं उपटून टाकलं होतं ना. सोंग घ्यायला जवळ आता माणसंच उरली होती.

दोघींचा चेहरा एकच. कासोटा एकच. केसांतून निथळणारं पाणी एकच. एकीनं हात वर केला की दुसरीचा हात वर व्हायचा. लोक मागं सरले. कुणीतरी ओरडलं, "नाईक, दोघींनाबी तोडा! काम संपवा!" आणखी दोघं-तिघं तेच ओरडले. आणि खरं सांगायचं तर राघोजीच्या मनातली गोष्ट आता सोपी झाली होती. त्यानं दोघींना तोडलं असतं, तर गावात कुणी त्याला एका शब्दानं विचारलं नसतं. मुलाचा सूडही उगवला असता आणि वेलही गेली असती. कोयता त्यानं उचललाच होता.

"मामंजी," एकीचे ओठ हलले, आणि दुसरीचेही हलले. आवाज कुणाचा ते कळेना. "तोंडाकडं बघू नका. पाय बघा."

राघोजीनं खाली बघितलं. एकीच्या पायांना पाच-सहा जळवा टम्म फुगून लटकल्या होत्या, घोट्यांवरून रक्त वाहत होतं, अंगठ्याचं नख उचकटलेलं. दुसरीचे पाय स्वच्छ होते. तीन दिवस चिखलात उभं राहून, एक ओरखडा नाही.

त्यानं कोयता चालवला. एकदा, दोनदा, तीनदा. तोडलेल्या जागेतून रक्त आलं नाही. दुधासारखा पांढरा चीक उडाला आणि राघोजीचा उजवा हात खांद्यापर्यंत भिजला. ते सोंग खाली पडलं, तेव्हा म्हणे त्याचा चेहरा सारखा बदलत होता. तिथं जी जी माणसं उभी होती त्या प्रत्येकाचा, एकामागून एक. ज्यांनी आपला चेहरा त्याच्यावर पाहिला त्यांनी त्याबद्दल पुढं कधीच बोलणं काढलं नाही. शेवटी जे उरलं ते एक पांढरं, गाठीगाठींचं मूळ होतं. बिनपानाचं.

गावानं मसणवट खणून ते मूळ काढलं. आपल्याच माणसांच्या हाडांतून सोडवून काढावं लागलं. उन्हाळा येईपर्यंत दगडांवर वाळत ठेवलं आणि मग जाळलं. सगळं निघालं का? तुमच्यातला हा दादा मघापासून तेच विचारायचं म्हणतोय. आजा म्हणायचा, सगळं निघालं असं छातीवर हात ठेवून सांगणारा मला कुणी भेटला नाही. म्हणून आम्ही दर वर्षी उपटतो. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मीही इथं उगवलेलं प्रत्येक पान उजेडापुढं धरून बघितलंय. आजवर प्रत्येकाला भोक होतं. आजवर.

राघोजीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्याचा हात कोपरापासून काळा पडला, मग वाळलेल्या फांदीसारखा लुळा झाला. डावा हात होता, पण त्यानं घास घ्यायचा नाही अशी त्याची जुनी समजूत. घरात दुसरं माणूस नाही. तो दोन दिवस उपाशी बसून राहिला. घाट मोकळा झाला होता, म्हाळीचा भाऊ तिला न्यायला आला होता. तिचं गाठोडं बांधून दारात ठेवलेलं. तिनं भावाला थांबायला सांगितलं, चूल पेटवली, भाकर थापली, भाजी केली आणि ताट घेऊन सासऱ्यासमोर बसली. ठरावाप्रमाणं पहिला घास तिनं स्वतःच्या तोंडात घातला.

"आता नको खाऊस आधी," राघोजी म्हणाला. "मी देवळात जाऊन ठराव मोडून येतो."

"मोडू नका," म्हाळी म्हणाली. "पण एकटीनं खायाचा नाही. ज्याला संशय त्यानंबी त्याच वक्ताला, त्याच ताटात खायाचं."

आणि तिनं दुसरा घास त्याच्या तोंडात घातला. तो रडला असं काही लोक सांगतात, काही सांगतात की नाही. म्हाळी माहेरी गेली नाही. तिनं त्याला माफ केलं की नाही, ते कुणालाच ठाऊक नाही. ते तिला विचारायची गावात कुणाची हिंमत झाली नाही. राघोजी त्यानंतर नऊ वर्षं जगला आणि नऊ वर्षं तिच्याच हातानं जेवला. एवढंच लोकांनी पाहिलं.

आजही आमच्या गावात कुठल्याही घरी जेवायला गेलात, तर तुमचं पान वाढायच्या आधी रांधणारी आणि घरातला थोरला चुलीपाशी एका ताटात बसतात. एक घास ती खाते, त्याच वेळी एक घास तो. लग्नघरात तसंच, बारशाला तसंच, देवाच्या नैवेद्याच्याही आधी. शहरातून आलेल्या पाहुण्यांना वाटतं, वा, काय प्रेम आहे नवरा-बायकोचं. कुणी फोटोही काढतात. आम्ही काढू देतो.

माझी बायको जाऊन सहा वर्षं झाली. चव्वेचाळीस वर्षं आम्ही दोघांनी पहिला घास एका ताटात खाल्ला. आठ-आठ दिवस एकमेकांशी बोललो नाही असेही दिवस आले, पण ताट एकच. हा विश्वास म्हणायचा की संशय, ते मला कधी उमगलं नाही. एकदा तिला विचारलं होतं मी. ती म्हणाली, "खा मुकाट्यानं. भाकर गार होतीया."

चला, आता खाली उतरू. सूनबाईनं तुमच्यासाठी कुर्डूची भाजी केली असेल. तुमची पानं वाढायला जरा उशीर झाला, तर रागावू नका.